साडेपाच फुटी उगी बंडी

मुलांनो, जागेवर उभे राहा आणि दोन्ही हात बाजूला पसरा. शेजारच्याच्या डोळ्यात बोट घालू नका. आता कल्पना करा, तुम्ही रेल्वेच्या दोन रुळांच्या मधोमध उभे आहात. घाबरू नका, गाडी येत नाहीये. कल्पनेतल्या गाड्या आपण बोलावल्याशिवाय येत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण आहे.

या दोन रुळांमधलं अंतर आहे एक मीटर. तुम्ही दहा वर्षांचे असाल, तर तुमची बोटं दोन्हीकडे रुळांच्या बाहेर जातील. आता मनातल्या मनात ते रूळ एकमेकांपासून दूर सरकवा. आणखी. आणखी थोडे. आता मध्ये साडेपाच फूट अंतर आहे. पुरतात हात? नाही पुरत. बोटं हवेत लोंबकळत राहिली ना?

आपल्या देशात असे दोन्ही प्रकारचे रूळ होते. साडेपाच फुटांचे मोठे आणि एक मीटरचे लहान. म्हैसूरहून बेंगळूरला जाणारे रूळ शंभरावर वर्षं लहानच होते. तिथून पुढे मुंबईला किंवा दिल्लीला जायचं, तर गाठोडी-वळकट्या उतरवून दुसऱ्या गाडीत चढायचं, कारण लहान रुळांवरची गाडी मोठ्या रुळांवर चालत नाही. चाकं लोखंडी दांड्याला घट्ट बसवलेली असतात. ती चड्डीच्या इलॅस्टिकसारखी ताणता येत नाहीत. मग एकोणीसशे नव्वदनंतरच्या वर्षांत म्हैसूरचे रूळही मोठे झाले. जुने रूळ उखडून नवे टाकले, पूल तपासले, फलाट बदलले. मोठ्या माणसांनी ते काम नीट पार पाडलं.

आपली गोष्ट त्याच दिवसांतली आहे, पण तिच्यातलं काम अजिबात नीट पार पडलं नाही.

वनजा म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये राहायची. तिच्या पणजोबांपर्यंत घरात कापड रंगवायचं आणि छापायचं काम चाले. आता तिच्या वडिलांचं, गुंडुरावांचं, शिवणाचं दुकान होतं. घरी सगळे मराठीच बोलत. पण ती मराठी कित्येक पिढ्या म्हैसुरात राहिलेली. तिच्यात कन्नड शब्द असे मिसळले होते, की कुठला शब्द कुठल्या भाषेतला हे घरातल्यांनाही आठवत नसे. कशाला आठवायचं? समोरच्याला कळतंय, आपल्यालाही कळतंय, मग झालं.

वनजाचं दुःख एकच होतं. शाळेचा वर्षाचा कार्यक्रम असे, त्याला तिकडे सगळे 'स्कूल डे' म्हणत. त्या स्कूल डेच्या नाटकात तिला दर वर्षी झाड करत. पहिलीत झाड. दुसरीत झाड. तिसरीत पावसात भिजणारं झाड. चौथीत तर तोडलेलं झाड. त्यात तिला वीस मिनिटं आडवं पडून राहावं लागलं आणि मधेच तिला खरंच झोप लागली.

पाचवीत इतिहासाच्या कृष्णवेणी मिसनी ठरवलं, यंदा रेल्वेच्या इतिहासातले तीन प्रवेश करायचे.

पहिला प्रवेश इंग्लंडमधला, अठराशे एकोणतीसचा. कुठलं इंजिन सगळ्यांत चांगलं, हे ठरवायला तिथे एक शर्यत ठेवली होती. त्यातल्या एका गाडीत वाफेचं यंत्र नव्हतंच. आत चक्क घोडा होता! तो सरकत्या पट्ट्यावर चालत राहायचा आणि त्याच्या चालण्यानं चाकं फिरायची. म्हणजे घोडा गाडीत बसून गाडी ओढणार. असं सांगतात, की त्याचा पाय फळी फोडून खाली गेला आणि तो शर्यतीतून बाद झाला. ही गोष्ट मी रचलेली नाही, ती खरीच इतिहासात आहे.

दुसरा प्रवेश अठराशे त्रेपन्नचा. मुंबईहून ठाण्याला पहिली प्रवाशांची गाडी निघाली. चौदा डबे, ते ओढायला तीन इंजिनं, चारशे पाहुणे आणि निघताना एकवीस तोफांची सलामी.

आणि तिसरा प्रवेश म्हैसूरचा. रंगमंचावर दोन जाड दोर रुळांसारखे पसरायचे, मध्ये अंतर एक मीटर. त्यावरून इंजिन जाणार. मग मुलं दोर ओढून साडेपाच फुटांवर नेणार आणि इंजिन पुन्हा येणार. सगळ्या नाटकातलं सगळ्यांत मोठं काम हे इंजिनाचंच.

"पण इंजिन करायचं कशाचं?" मिस म्हणाल्या.

वनजा उभी राहिली. "मिस, आमचं शिवणाचं दुकान आहे. मी कापडाचं इंजिन आणते. आणि मीच ते घालून इंजिन होते."

"आमच्या चिक्कप्पांकडे टीव्हीचं खोकं आहे," मागून पद्मनाभ ओरडला. चिक्कप्पा म्हणजे त्याचा काका. "माझ्या खोक्याचं इंजिन करू. मी इंजिन!"

"वनजा आधी बोलली," मिस म्हणाल्या. "शनिवारी दोन वाजेपर्यंत तिचं इंजिन माझ्यासमोर आलं, तर ती इंजिन. नाही आलं, तर तू."

"आणि मी नाही झाले तर?" वनजानं विचारलं.

मिसनी वहीत पाहिलं. "एक झाड लागणार आहे."

आता कळलं ना, वनजाला घाई का होती?

मिसनी तिला एका कागदावर सगळं लिहून दिलं. मिसना शुद्ध कन्नड फार आवडे. बाकीचं सगळं गाव रेल्वेला 'रैलु' म्हणायचं, पण मिस तसलं काही लिहीत नसत. त्यांनी वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: उगिबंडी.

वनजा कागद घेऊन घरी धावली. गुंडुराव दुकानात लग्नसराईच्या ब्लाउजांमध्ये गळ्यापर्यंत बुडाले होते. ते म्हणाले, "जगन्नाथमामांना सांग ग. त्यांना काम पाहिजेच आहे."

जगन्नाथराव हे गुंडुरावांचे मामा. सोलापूरचे नावाजलेले शिंपी. चाळीस वर्षं शिवण केलं आणि आता दोन महिन्यांसाठी भाच्याकडे राहायला आले होते. त्यांना कन्नडचं एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि बोललेलं जेवढं कळे, ते बहुतेक चुकीचं कळे. आल्या दिवशी वनजानं त्यांना अंगणातलं फणसाचं झाड दाखवलं होतं. कन्नडमध्ये झाडाला म्हणतात 'मरा'. ती आनंदानं म्हणाली, "अज्जा, इकडे या! मरा!"

जगन्नाथराव दोन पावलं मागे सरकले होते. "अगं, आत्ताच तर आलोय."

तर या जगन्नाथरावांपुढे वनजा कागद घेऊन उभी राहिली. उभी म्हणजे एका पायावर, कारण बाहेर तिची मैत्रीण तुळसी ठिकरी खेळायला थांबली होती आणि हाका मारत होती.

"अज्जा, हे शिवून द्याल? शनिवारी पाहिजे."

"आजोबा म्हण. अज्जा म्हटलंस की मला कुणीतरी शिंकल्यासारखं वाटतं. वाच काय ते."

वनजानं पहिला शब्द होता तसाच वाचला, कारण तो मथळा होता. बाकीचं मराठीत सांगितलं. "उगिबंडी, एक. आधी एक मीटर रुंद होती. आता साडेपाच फूट करायची. रंग काळा. पुढच्या बाजूला मोठा दिवा. दोन्ही अंगांना तीन-तीन चक्रं. वरून धूर आला पाहिजे. झालं."

"काय म्हणालीस? उगी बंडी?"

"हो. उगिबंडी."

इथे आपण जरा थांबू. कन्नडमध्ये 'उगि' म्हणजे वाफ आणि 'बंडी' म्हणजे गाडी. उगिबंडी म्हणजे वाफेची गाडी, आपली आगगाडी. आणि तिकडे 'चक्र' म्हणजे साधं चाक. पण जगन्नाथरावांचे कान सोलापूरचे. मराठीत उगी म्हणजे गप्प. रडणाऱ्या बाळाला आपण म्हणतो ना, "उगी, उगी"? आणि बंडी म्हणजे अंगात घालायची बिनबाह्यांची बंडी. त्यांनी अशा हजार बंड्या शिवल्या होत्या. आता सांगा, त्यांना काय ऐकू आलं असेल?

"साडेपाच फूट हा घेर ना ग?" त्यांनी विचारलं.

"घेर नाही अज्जा, रुंदी. या कडेपासून त्या कडेपर्यंत."

जगन्नाथरावांनी गळ्यातली मापाची पट्टी काढली, हवेत धरली आणि पुन्हा गळ्यात घातली. "म्हणजे घेर अकरा फूट! आणि आधी एक मीटर होती म्हणतेस? असं कसं वाढलं माणूस?"

पण ते शेवटचं वाक्य वनजानं ऐकलंच नाही. ती ठिकरीच्या दुसऱ्या घरात पोचली होती.

जगन्नाथराव खाटेवर बसून विचार करू लागले. हुशार माणूस विचार करायला बसला आणि त्याची पहिलीच पायरी चुकलेली असली, की तो फार लांबवर जातो. ते स्वतःशी म्हणाले, उगी बंडी म्हणजे उगी राहताना घालायची बंडी. उगी कोण राहतं? ज्यानं मौनाचं व्रत घेतलंय तो. म्हणजे कुणीतरी स्वामी आहेत. म्हणून तर दिवा. म्हणून चक्रं. म्हणून वर धूर. धूप घालायची सोय पाहिजे. आणि साडेपाच फूट का? तेही उघड आहे. बोलणं बंद झालं की तोंड रिकामं राहतं. रिकाम्या तोंडात काहीतरी जातच राहतं.

त्यांना स्वामींबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्यांनी माडीवरच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वनजानं बाहेरून दार वाजवलं. "अज्जा, मी बघू?"

"काम पुरं होईपर्यंत बघायचं नसतं. एक सांग. ही महाराजांच्या वेळची आहे का?"

वनजाला मिसनी शिकवलेलं आठवलं. म्हैसूरची रेल्वे महाराजांच्याच काळात सुरू झाली होती. "हो अज्जा! महाराजांच्याच वेळची. शंभरावर वर्षं झाली."

मग जगन्नाथरावांचा आवाज आला, "शंभर वर्षं एकच बंडी! काय कापड असेल!"

"आणि एवढी वर्षं रोज बेंगळूरला जाऊन आली," वनजा अभिमानानं म्हणाली.

"रोज? न धुता?"

"पाणी घालायचे की. मधे थांबवून. पुष्कळ पाणी प्यायची ती."

"जाड सुती असणार," जगन्नाथराव पुटपुटले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातलं काळं कापड नापसंत केलं. म्हणाले, रंगाऱ्यांच्या घरात विकतचा काळा रंग शोभत नाही. न्हाणीघरात मोठं घंगाळ चढवून त्यांनी स्वतःच कापड रंगवलं. कापड फारच सुरेख काळं झालं. त्याबरोबर न्हाणीघराची फरशी, गुंडुरावांचे दोन पंचे आणि शेजारच्यांचं एक पांढरं मांजरही काळं झालं. शेजारच्यांनी तीन दिवस ते मांजर ओळखलं नाही आणि आपलं हरवलं म्हणून शोधत राहिले.

"चाकं झाली का अज्जा?" वनजानं चौथ्या दिवशी विचारलं.

"चक्रं ना? सहाही झाली. जरीची केलीत."

"जरीची!" वनजाचे डोळे मोठे झाले. "आणि दिवा?"

"दिवा असा झालाय, की बघणाऱ्याला तेल घालावंसं वाटेल."

"आणि धूर?"

"गळ्यापाशी कप्पा केलाय. तू काळजी करू नको. आणि आवाज अजिबात होणार नाही, बरं का. गुंड्यासुद्धा कापडाच्या लावल्यात. आत मलमलीचं अस्तर. कितीही हलली तरी कुणाला ऐकू यायचं नाही."

वनजाला हे थोडं खटकलं. "अय्यो, आवाज पाहिजे की! कूऽऽ असा."

"तो ज्याचा त्यानं करावा," जगन्नाथराव गंभीरपणे म्हणाले. "पण व्रत मोडेल."

वनजाला वाटलं, सोलापुरात इंजिनाला व्रत असेल.

शनिवारी दुपारी जगन्नाथरावांनी एक भलंमोठं गाठोडं सुतळीनं करकचून बांधून तिच्या हवाली केलं. ते उचलायला तुळसीला बोलवावं लागलं. दोघी ते कधी डोक्यावर, कधी पोटाशी धरून शाळेत पोचल्या. तेव्हा दोनला पाच मिनिटं होती. पद्मनाभ आधीच आलेला. त्याचं टीव्हीचं खोकं झकास होतं. काळा रंग दिलेला, वर डब्याचं धुराडं, पुढे मोटारीचा खराखुरा दिवा.

"सोड, सोड, बेग सोड!" मुलं ओरडली. बेग म्हणजे लवकर.

वनजानं सुतळी सोडली. चार मुलांनी चार कोपरे धरले आणि ते कापड उलगडलं. उलगडत गेलं, उलगडत गेलं.

ती बंडी होती.

साडेपाच फूट रुंद, काळीभोर, चमकणारी. पोटावर सोन्याच्या जरीत भरलेली समई, पाचही वातींसकट. दोन्ही कुशींना तीन-तीन सुदर्शनचक्रं. हात घालायची भोकं एवढी, की त्यातून एक मूल सहज आरपार जाईल. गळ्यापाशी कप्पा आणि त्यात उदबत्त्यांचा पुडा. आत एक चिठ्ठी टाचलेली होती: 'स्वामींना साष्टांग नमस्कार. काख जरा सैल ठेवली आहे.'

"हे काय आहे?" कृष्णवेणी मिसनी विचारलं.

"दसऱ्याच्या हत्तीची बनियन!" पद्मनाभ म्हणाला आणि सगळे एवढे हसले, की एका मुलीला उचकी लागली.

वनजा मात्र हसली नाही. ती ओठ हलवत होती. उगि. उगी. बंडी. बंडी. मग तिनं कपाळावर हात मारला. तिनं मिसना सगळं सांगितलं. आमच्याकडे उगी म्हणजे काय, बंडी म्हणजे काय. मिसही तोंडाला पदर लावून हसल्या. पण घड्याळात दोन वाजले होते, आणि बोललेला शब्द मिस बदलत नसत.

"वनजा, तुझी बंडी फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण ती इंजिन नाही. पद्मनाभ, तू तयार हो. वनजा..."

"कळलं मिस," वनजा म्हणाली. "फांदी कुठे ठेवलीय?"

त्याच दिवशी चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या रांगेत गुंडुरावांच्या शेजारी जगन्नाथराव बसले होते. कोट, टोपी, खांद्यावर घडी केलेलं उपरणं. बंडी शाळेत गेली म्हणजे स्वामीही इथेच येणार, म्हणून ते मान वळवून वळवून स्वामींना शोधत होते. जरा जाड माणूस दारातून आत आला, की ते उठून हात जोडत. पहिल्यांदा त्यांनी मुख्याध्यापकांना नमस्कार केला, मग भाड्यानं खुर्च्या देणाऱ्याला, मग खाऱ्या शेंगदाण्यांची पाटी घेऊन आलेल्या बाईंना. बाईंनी त्यांना मूठभर शेंगदाणे दिले. जगन्नाथरावांनी ते प्रसाद म्हणून कपाळाला लावून खाल्ले.

रंगमंचाच्या एका कडेला वनजा फांदी धरून उभी होती. बंडी तिनं घडी करून पायाशी ठेवली होती. अज्जांना ती कुठे धुळीत पडलेली दिसू नये, एवढंच तिच्या मनात होतं. दुसऱ्या कडेला तुळसी सिग्नल होती. तिचं काम म्हणजे एक हात वर धरून ठेवायचा आणि गाडी आली की खाली पाडायचा. तुळसी हात बदलत होती, त्यामुळे सिग्नल कधी उजवा, कधी डावा दिसत होता.

पहिला प्रवेश ठीक झाला. घोडा झालेल्या दोन मुलांपैकी मागचा मुलगा पुढच्यापेक्षा वेगानं चालला, म्हणून घोडा मध्येच आखूड झाला, एवढंच.

दुसऱ्या प्रवेशात एकवीस तोफा होत्या. तोफा म्हणजे स्टीलच्या ताटावर आपटलेला डाव. मोजणारा मुलगा अकरावर शिंकला आणि पुन्हा एकपासून मोजू लागला. प्रेक्षकांनी बत्तीस तोफा शांतपणे ऐकून घेतल्या.

मग तिसरा प्रवेश. दोर पसरले. पद्मनाभ खोकं घालून आला. त्याचा एक पाय एका दोरावर, दुसरा दुसऱ्यावर. "कूऽऽ!" टाळ्या पडल्या. वनजाच्या हातातली फांदी वाऱ्याशिवायच हलली.

"आता आपले रूळ मोठे होत आहेत!" पडद्यामागून मिसनी वाचलं.

खरं म्हणजे इथे पद्मनाभनं आत जायचं होतं. इंजिन आत, मग दोर दूर, मग इंजिन परत. तालमीत तसंच ठरलं होतं. पण टाळ्या ऐकून तो थांबला आणि पुन्हा एकदा "कूऽऽ" केलं. तेवढ्यात दोर धरलेल्या मुलांनी ओढायला सुरुवात केली. एक पाय डावीकडे निघाला, एक उजवीकडे.

"थांबा!" पद्मनाभ ओरडला. मुलांना वाटलं, हेही नाटकातच आहे. त्यांनी आणखी जोर लावला. पद्मनाभचे पाय फाकत गेले, खोकं खाली खाली येत गेलं आणि शेवटी ते जमिनीला टेकलं. आतून फक्त त्याचं डोकं आणि दोन टोकांना दोन बूट दिसत होते. पाय काही साडेपाच फुटांपर्यंत पोचले नाहीत. ते मध्येच अडकले होते, खोक्याच्या कडांमध्ये.

"मिस," पद्मनाभ बारीक आवाजात म्हणाला, "मी लहान रुळांचाच आहे."

लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते. मिस आतून हातवारे करत होत्या, पण कुणाचं लक्ष नव्हतं. साडेपाच फुटांचे रूळ तयार होते, आणि त्यांवर चालणारं इंजिन मात्र शाळेत कुठेच नव्हतं.

वनजानं दोरांकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे. एकीचे पाय पुरणार नाहीत, हे आत्ताच सगळ्यांनी पाहिलं होतं. मग तिनं तुळसीकडे पाहिलं. मग पायाशी पडलेल्या बंडीकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदाच रंगमंचावर एक झाड चालू लागलं.

"तुळसी, हात खाली कर आणि इकडे ये! या भोकातून डोकं काढ. तुझा उजवा पाय त्या दोरावर. माझा डावा या दोरावर."

"आणि आतले पाय?"

"ते सुम्ने मधे राहू देत."

सुम्ने म्हणजे उगाच, काही न करता. एका भोकातून वनजाचं डोकं आलं, दुसऱ्यातून तुळसीचं. बंडी दोघींच्या मध्ये ताणली गेली, समई दिव्यांत झळाळली, आणि चक्रं बरोबर दोरांच्या वर आली. एका दोरापासून दुसऱ्या दोरापर्यंत, एक बोटभरही कमी नाही.

"अगदी मापात!" पहिल्या रांगेतून जगन्नाथराव उभे राहून ओरडले. मग त्यांना आठवलं. त्यांनी मागे वळून सगळ्या सभागृहाला दोन्ही हातांनी दटावलं. "उगी! उगी राहा सगळे! स्वामी आले. दोन आहेत!"

कन्नड लोकांना वाटलं, आजोबा 'उगि, उगि' म्हणताहेत, म्हणजे वाफ, वाफ. तेही आनंदानं ओरडू लागले, "उगि! उगि!" जितकं ते ओरडत, तितकं जगन्नाथराव त्यांना गप्प करायला जोरात "उगी!" म्हणत.

आता वनजा इंजिन झाली होती. खरंखुरं, साडेपाच फुटी. समोरचे रूळ मोकळे होते, नुसतं चालत सुटायचं होतं. फक्त मधोमध पद्मनाभ अडकलेला होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला ते पुसताही येत नव्हते, कारण हात खोक्यात होते. हत्तीची बनियन म्हणणारा हाच. त्याला वळसा घालून जाता आलं असतं.

मग वनजानं काय केलं?

तिनं बंडीचा घेर वर उचलला. तुळसीला म्हणाली, "धर." दोघींनी मिळून पद्मनाभला खोक्यातून उपसून काढलं आणि बंडीच्या आत ओढून घेतलं. मग मधल्या गळ्यातून त्याचं डोकं वर काढून वनजा त्याला म्हणाली, "तू धुराडं. जोरात फू फू करत राहा, थांबू नको. इंजिन मी आहे." आणि तिनं डावा पाय पुढे टाकला.